जुन्या पिकअपचा सेल्फ : बदलण्याआधी मोजा

आपल्या समाजातील किती घरांची चूल पिकअपच्या चाकांवर पेटते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. पहाटे फजरच्या सुमारास कोणत्याही भाजीबाजाराच्या किंवा मुर्गी बाजाराच्या फाटकाशी उभे राहिले की पुरे. टोमॅटोचे क्रेट, केळीचे घड, कोंबड्यांची खुराडी, कापडाचे गठ्ठे, भंगार, शिसवी पलंग, सगळे काही या गाड्यांतून येते-जाते. यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. इंजिन भक्कम, पत्रा कामचलाऊ आणि वायरिंग मात्र प्रत्येक मालकाने आपापल्या सोयीने जोडलेली.

अशा गाडीचा सर्वांत छळणारा आजार म्हणजे सेल्फ न लागणे. चावी फिरवली की नुसते ‘टक्’ होते आणि गाडी गप्प. मग चार माणसे शोधा, धक्का मारा. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीसमोर हा प्रसंग ओढवला तर धक्का मारणाऱ्यांची कमी नसते, ही गोष्ट खरी. पण रात्री दोन वाजता घाटाच्या पायथ्याशी माल भरलेली गाडी बंद पडली तर कोण येणार?

या आजारावर आपल्याकडे ठरलेला इलाज आहे. आधी बॅटरी बदलायची. नाही जमले तर सेल्फ उतरवून भरायला द्यायचा. तरीही नाही जमले तर सोलेनॉइड, मग इग्निशन स्विच. म्हणजे ज्या क्रमाने भाग महाग, त्याच क्रमाने ते बदलायचे. आमचा अनुभव याच्या उलट आहे. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा महाग भागात नसून दोन भागांना जोडणाऱ्या केबलमध्ये, थिंबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये सापडतो, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही. तो मोजावा लागतो. मोजायला लागते ते काही शे रुपयांचे डिजिटल मीटर आणि अर्धा तास.

हाजीसाहेबांची गाडी

जुन्नर तालुक्यातील एक हाजीसाहेब टोमॅटोचा व्यापार करतात. नारायणगावच्या बाजारात संध्याकाळी माल भरायचा, माळशेज घाट उतरून पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात पोचायचे, हा त्यांचा नेम. टोमॅटोचा व्यापार म्हणजे घड्याळाशी शर्यत असते. दोन तास उशीर झाला की चांगला भाव देणारे खरेदीदार निघून जातात, आणि उरलेला माल दुपारच्या उन्हात मऊ पडतो.

त्यांची डिझेल पिकअप महिनाभर त्रास देत होती. कधी एका चावीत सुरू होई, कधी दहा वेळा ‘टक् टक्’ करून गप्प राही. एका ठिकाणी नवी बॅटरी बसवून घेतली. आठवडा बरा गेला. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवून कार्बन, बुश आणि सोलेनॉइड नवे टाकले. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या आणि पुन्हा तेच. शेवटी हाजीसाहेबांनी गाडी बंद करणेच सोडून दिले. माल भरताना, चहा पिताना, बाजारात उतरवताना इंजिन चालूच. डिझेल जळत होते ते वेगळेच. आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, “मियाँ, आता फक्त इंजिन बदलायचं राहिलंय. तेही सांगा, म्हणजे सुटका होईल.”

आम्ही त्यांना एकच विचारले, “हाजीसाहेब, हा त्रास सुरू होण्याआधी गाडीला काय काम केलं होतं?” ते म्हणाले, “काही नाही. फक्त क्लच प्लेट टाकली.”

या उत्तराकडे आम्ही पुढे परत येणार आहोत. त्याआधी सेल्फला वीज कोणत्या वाटेने मिळते हे समजून घेऊ.

मोठी वाट आणि छोटी वाट

पिकअप आणि छोट्या टेम्पोमध्ये १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. पुढचे सर्व आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत.

सेल्फच्या दोन वाटा आहेत. मोठी वाट म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबलने सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टवर, तेथून सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या संपर्कातून सेल्फच्या मोटरमध्ये, मोटरच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून अर्थिंगच्या पट्ट्याने चॅसिसवर आणि चॅसिसवरून बॅटरीच्या निगेटिव्हला. परतीची ही अर्धी वाट बरेच वायरमन विसरतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून तो तांब्याच्या जाळीचा पट्टा लागतो.

छोटी वाट म्हणजे इग्निशन स्विचमधून बारीक वायरने सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर. सोलेनॉइडवर बहुधा आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीची जाड केबल, ५० म्हणजे चावीकडून येणारी बारीक वायर. जर्मन पद्धतीचे हे आकडे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आणि रिलेवर सापडतात. ते पाठ असले तर अनोळखी गाडीतही वाट चुकत नाही.

आता थोडा हिशेब. डिझेल पिकअपचा सेल्फ इंजिन फिरवताना दोनशे ते चारशे अँपिअर ओढतो. समजा मोठ्या वाटेत एखादा सांधा गंजला आणि तेथे एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा तयार झाला. २५० अँपिअर त्यातून गेले की अडीच व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बारापैकी अडीच गेले! शिवाय त्या सांध्यात सव्वासहाशे वॉटची उष्णता तयार होते, म्हणजे एखाद्या लहान इस्त्रीएवढी. म्हणून खराब थिंबल हाताला चटका देते.

आणि हाच सांधा आपण टेस्ट लॅम्पने तपासला तर? टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. त्या अडथळ्यात व्होल्टचा दोनशेवा भागही कमी होत नाही. बल्ब लख्ख पेटतो आणि उस्ताद म्हणतात, “करंट तर येतोय, सेल्फच गेला.” सेल्फ उतरवण्याचा निर्णय येथेच चुकतो. टेस्ट लॅम्प खोटे बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो. ज्या वाटेवरून हत्ती जायचा आहे ती वाट मुंगी पाठवून तपासता येत नाही. सेल्फ ओढत असतानाच मोजले पाहिजे.

हात लावण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. हे रोजचे वाटते, पण सोलेनॉइडवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवण्याची सवय आपल्या कारागिरांत फार आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी उडी मारते, आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणारा बहुधा चाकासमोर वाकलेला असतो. शागिर्दाला ही युक्ती शिकवण्याआधी न्यूट्रल तपासायला शिकवावे.

हातातील घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको आणि ठिणगी पाडून बॅटरी तपासणेही नको. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. कारण सोपे आहे. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेले असले, तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. ॲसिड अंगावर उडाले तर ताबडतोब भरपूर पाणी ओतावे. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून डॉक्टरकडे जावे.

मोजताना इंजिन सुरू व्हायला नको, फक्त फिरायला हवे. जुन्या डिझेल गाडीत स्टॉपची दांडी ओढून धरावी. पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याची वायर काढावी. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये त्याला मिनिटभर विसावा द्यावा.

कान आणि हेडलाइट

मीटर काढण्यापूर्वी कान वापरावा. चावी फिरवल्यावर अजिबात आवाज नाही, एकच दमदार ‘टक्’, मशीनगनसारखे ‘टक्-टक्-टक्-टक्’, रडत रडत फिरणे, किंवा मोटर घुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, हे पाच वेगवेगळे आजार आहेत. गिऱ्हाईक मात्र सर्वांना ‘सेल्फ लागत नाही’ असेच म्हणतो. शेवटच्या प्रकारात वायरिंगचा संबंध नाही, तेथे पिनियन किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात पाहावेत. आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल तर विषय हीटर प्लगचा, डिझेलचा, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडचा आहे. अशा गाडीचा सेल्फ उतरवू नये.

मग हेडलाइट लावून चावी फिरवावी. लाइट जवळजवळ विझत असेल तर बॅटरी उतरली आहे, तिचे टर्मिनल ढिले आहे, किंवा सेल्फ आत अडकून प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. लाइट जसाच्या तसा राहत असेल तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, वाटेत कोठेतरी अडला आहे.

हाजीसाहेबांच्या गाडीत ‘टक्’ झाल्यावर लाइट जरासाच मंदावला. नवी बॅटरी आणि नव्याने भरलेला सेल्फ या दोघांवरचा आमचा संशय तेथेच कमी झाला.

बॅटरी खरोखर गेली आहे का?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर लावावे. लगेच तपासायचे असेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावा आणि मग मोजावे, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्यावी. तोवर बाकीच्या तपासणीला अर्थ नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरची पिचकारी अजूनही सर्वांत खरी साक्ष देते. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी कंपनीप्रमाणे साधारण १२४० ते १२८० असते. नेमक्या आकड्यापेक्षा सहा खाने सारखे आहेत का हे महत्त्वाचे. पाच खाने १२५० आणि एक ११५० दाखवत असेल तर तो खाना मेला आहे. अशी बॅटरी चार्ज करून गिऱ्हाइकाला परत देणे म्हणजे ऐब लपवून माल विकणे आहे.

मग सेल्फ मारत असताना खुंट्यांवरचा व्होल्टेज पाहावा. तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. चांगली भरलेली बॅटरी असूनही खाली जात असेल तर बॅटरी लोड सहन करत नाही, किंवा सेल्फ जाम आहे. उलट, व्होल्टेज अकराच्या आसपास टिकून राहतो आणि तरी सेल्फ रडतो, तर बॅटरी निर्दोष आहे. तिच्याकडे द्यायला करंट आहे, पण घेणाऱ्यापर्यंत तो जात नाही.

हाजीसाहेबांच्या गाडीत हा आकडा ११.० आला.

चार ठिकाणी मीटर

आता खरे काम. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावे. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मोजायचे. प्रत्येक मोजणी सेल्फ ओढत असतानाच करायची.

पहिली मोजणी : मीटरची लाल पिन सोलेनॉइडमधून मोटरमध्ये जाणाऱ्या जाड बोल्टवर आणि काळी थेट सेल्फच्या बॉडीवर. सेल्फला प्रत्यक्ष किती मिळते ते येथे कळते. आमच्या गाडीत आले ८.१. बॅटरीवर ११.० आणि सेल्फला ८.१. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत हरवले. ते कोठे हरवले ते शोधायचे.

दुसरी मोजणी : एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी मोटरच्या त्याच जाड बोल्टवर. लक्षात ठेवा, खुंटीवर लावायची, तिच्यावरच्या क्लिपवर नाही. क्लिप आणि खुंटी यांच्यामधलाच पांढरा गंज कित्येकदा गुन्हेगार असतो. ही सर्व पॉझिटिव्ह वाट मिळून अर्धा व्होल्टपर्यंत चालते. आमच्याकडे आले ०.४. ठीक. येथे जास्त आले असते तर पिन एकेक सांधा पुढे सरकवत गेलो असतो : खुंटी ते क्लिप, क्लिप ते थिंबल, थिंबल ते ३० नंबरचा बोल्ट, ३० नंबर ते मोटरचा बोल्ट. एका सांध्यावर ०.१ पेक्षा जास्त दिसले की तो सांधा उघडून घासायचा. सोलेनॉइडच्या आतल्या संपर्कात ०.२-०.३ पेक्षा जास्त पडत असेल तर आतले तांबे जळले आहे.

तिसरी मोजणी : एक पिन सेल्फच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. ही परतीची वाट. येथे ०.२, फार तर ०.३ चालते. आमच्याकडे आले २.५.

०.४ आणि २.५ मिळून २.९. हिशेब जुळला. हरवलेले सर्व व्होल्ट सापडले, आणि त्यातले बहुतेक अर्थिंगमध्ये. असा हिशेब जुळेपर्यंत थांबू नये. जुळला नाही तर कोठेतरी पिन नीट लागलेली नाही.

चौथी मोजणी : सेल्फच्या बॉडीपासून चॅसिसच्या स्वच्छ लोखंडापर्यंत २.४, आणि चॅसिसपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत फक्त ०.१. म्हणजे चॅसिसकडून बॅटरीकडे जाणारी केबल चांगली आहे. दोष इंजिन आणि चॅसिस यांच्यामध्ये.

आम्ही गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सच्या बोल्टवर असायला हवा तो जाळीचा पट्टा एका टोकाने चॅसिसवर लटकत होता. दुसरे टोक मोकळे, काळे पडलेले. क्लच प्लेट टाकताना गिअरबॉक्स उतरवला होता आणि बसवताना पट्टा लावायचा राहिला होता. बस, एवढेच.

मग गाडी अधूनमधून सुरू तरी कशी होत होती? वीज वाट शोधते. अर्थिंग नाही म्हटल्यावर अडीचशे अँपिअर करंट ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकची तार, सायलेन्सरचा क्लॅम्प, जे मिळेल त्यातून चॅसिसवर जात होता. इंजिन हलले की हा संपर्क बदलायचा, म्हणून कधी गाडी घेई, कधी नाही. ॲक्सिलरेटरच्या केबलचे वरचे प्लास्टिक एका ठिकाणी वितळून वाकडे झाले होते. आणखी महिनाभर हेच चालले असते तर घाटात केबल अडकून बसली असती. त्याचा विचार करून हाजीसाहेब थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

पट्टा नवा लावताना एक काळजी घ्यावी. रंगावर, ग्रीसवर किंवा गंजावर थिंबल आवळू नये. लोखंड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावे, दात असलेला वॉशर टाकून आवळावे आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. थिंबल हातोडीने चेपलेले नसावे, दाबयंत्राने क्रिंप केलेले असावे. केबलची जाडी जुन्या केबलपेक्षा कमी घेऊ नये. बाजारात जाड प्लास्टिक आणि आत बारीक तांबे असलेली केबलही मिळते, म्हणून टोक कापून आतले तांबे पाहून घ्यावे.

चावीकडची वाट

सगळ्या गाड्यांत अर्थिंगच निघेल असे नाही. दमदार ‘टक्’ सुद्धा येत नसेल तर छोटी वाट पाहावी. चावी फिरवलेल्या स्थितीत सोलेनॉइडच्या ५० नंबरवर किती व्होल्ट येतात ते मोजावे. आठपेक्षा कमी असतील तर सोलेनॉइड नीट खेचत नाही.

सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक खेचणारी, दुसरी धरून ठेवणारी. खेचणारी कॉइल क्षणभर तीस-चाळीस अँपिअरपर्यंत ओढू शकते, आणि जुन्या गाडीत हा सर्व करंट झिजलेल्या इग्निशन स्विचमधून, दहा ठिकाणी जोड दिलेल्या बारीक वायरमधून येतो. इंजिन तापले की वायर आणि कॉइल दोन्हींचा अडथळा वाढतो. त्यामुळे सकाळी सुरू होणारी गाडी चहाच्या टपरीवर बंद केली की दहा मिनिटे थंड होईपर्यंत हलत नाही. या दुखण्याला मालक ‘गरम झाल्यावर सेल्फ पकडतो’ म्हणतात आणि सेल्फ भरून घेतात.

येथे स्वस्त आणि पक्का इलाज रिलेचा आहे. ४० अँपिअर किंवा मोठा रिले घ्यावा. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज घालून ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला तशीच वायर, ८६ ला चावीकडून आलेली जुनी वायर आणि ८५ ला अर्थ. चावीवर आता जेमतेम पाव अँपिअरचे ओझे राहते. इग्निशन स्विचचे आयुष्यही वाढते. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, तोंड खाली करून बसवावा.

‘टक्-टक्-टक्’ अशी फडफड असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल ढिले असते. सोलेनॉइड खेचतो, सेल्फ करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा खेचतो. व्होल्टेज चांगला असूनही फडफड असेल तर धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असू शकते.

सेल्फचाच दोष कधी मानावा

सेल्फला साडेनऊच्या वर व्होल्ट मिळतात, ५० नंबरवर चावीचा करंट पूर्ण येतो आणि तरी तो रडतो किंवा फिरत नाही, तेव्हाच त्याला उतरवावा. लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर सुरू होत असेल तर कार्बन संपले आहेत. कार्बन फारच झिजले तर ‘टक्’ आवाजही येत नाही, कारण खेचणाऱ्या कॉइलची परतीची वाट मोटरच्या कार्बनमधूनच जाते. बुश झिजले तर आर्मेचर खाली बसून आतल्या पोलला घासते. मग सेल्फ करंट भरपूर ओढतो आणि फिरतो मात्र हळू. अशा सेल्फमध्ये नुसते कार्बन टाकून देणे म्हणजे गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांनी परत बोलावणे.

एक जुनी खोड येथे सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून डायनामो चार्ज करतो की नाही हे पाहण्याची रीत जुन्या डायनामोच्या काळातली आहे. आजच्या अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर त्या एका धक्क्याने जळू शकतात. इंजिन जरा वाढवून बॅटरीवर मीटर लावावे. १३.८ ते १४.४ असेल तर चार्जिंग ठीक आहे.

आणि सगळे ठीक असूनही दोन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल, तर कोणीतरी रात्री चोरून वीज पिते आहे. चावी बंद, दरवाजे बंद. निगेटिव्ह टर्मिनल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकात लावावे. या स्थितीत चुकूनही सेल्फ मारू नये, मीटर जळेल. ०.०५ पर्यंत करंट चालतो. अर्धा अँपिअर दिसत असेल तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास गेले, म्हणजे ६० च्या बॅटरीचे दोन पंचमांश. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर चोर. थेट जोडलेला टेप, जीपीएस, मोबाइलचा चार्जर हे नेहमीचे संशयित. सर्व फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. डायोड फुटला असेल तर तो बॅटरीला रात्रभर पितो.

बिलावर चार आकडे

हाजीसाहेबांनी बॅटरी आणि सेल्फ यांच्यावर जो खर्च केला तो ज्यांनी करायला लावला, ते कारागीर बेइमान होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी टेस्ट लॅम्पवर भरवसा ठेवला, इतकेच. पण गिऱ्हाईक गाडी आपल्या हवाली करून चहा प्यायला जातो तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. बॉनेटखाली काय झाले हे त्याला कधीच कळणार नसते. म्हणून आम्ही आमच्या गॅरेजमध्ये दोन नियम ठेवले आहेत. जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, मग तो त्याने भंगारात टाकला तरी चालेल. आणि कामाआधीचे व नंतरचे आकडे बिलावर लिहायचे. शागिर्दाला यातून शिस्त लागते, कारण न मोजता आकडा लिहिता येत नाही. व्यापारी बांधवांनीही गाडी देताना हे आकडे मागावेत आणि बिल गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवावे. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात गाडी बंद पडली तर तेथल्या वायरमनला निम्मी माहिती आयती मिळते. क्लच, गिअरबॉक्स किंवा इंजिनचे काम करून गाडी परत घेताना ‘अर्थिंगचा पट्टा लावला का’ हा प्रश्न विचारावा, आणि वाकून पाहावा.

त्या दिवशी हाजीसाहेबांच्या बिलावर आम्ही लिहिले : आधी बॅटरी ११.०, सेल्फ ८.१, अर्थिंगमधील घट २.५. नंतर बॅटरी १०.४, सेल्फ ९.८, घट ०.२. त्याखाली, अर्थिंगचा पट्टा एक, ॲक्सिलरेटर केबल एक, मजुरी. हाजीसाहेबांनी बिल उलटून पाहिले आणि विचारले, “बॅटरीचा आकडा आधीपेक्षा कमी कसा झाला?” आम्ही सांगितले, “आता सेल्फला पोटभर करंट मिळतो, म्हणून बॅटरीला जास्त द्यावं लागतं.” त्यांनी चावी फिरवली, गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. असे पाच वेळा केले. मग नारायणगावला क्रेट भरायला निघून गेले.